गाडीचे ॲव्हरेज वेगानुसार छापावे

संपादक महोदय,

पेट्रोलच्या दरांविषयी वाचकांची पत्रे आपल्या सदरात नेहमी येतात आणि ती रास्तच आहेत. पण तेच पेट्रोल आपण कोणत्या वेगाला किती जाळतो, याची चर्चा त्या मानाने फार थोडी होते.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किलोमीटरवरून १०० वर गेल्यास तो सुमारे ५६ टक्क्यांनी वाढतो आणि १२० वर सव्वादोन पट होतो. टायरचे घर्षण तितके वाढत नसल्याने एकूण इंधनखर्च एवढा चढत नाही, हे खरे. तरीही मोकळ्या रस्त्यावर या वेगाला इंजिनाचे बरेचसे बळ हवा बाजूला सारण्यातच खर्ची पडते (टपावर कॅरिअर आणि त्यावर बॅगा असतील, तर विचारूच नये). आणि मिळवतो काय? २१.८ किलोमीटरचा अटल सेतू ताशी ८० ने साधारण सव्वासोळा मिनिटांत पार होतो, १०० ने तेरा मिनिटांत. वाचलेली तीन मिनिटे शिवडीला उतरल्यावर पहिल्याच कोंडीत जातात.

याचा अर्थ जितके हळू तितकी बचत, असाही नाही. पश्चिम द्रुतगती महामार्गावर संध्याकाळी दुसऱ्या गिअरमध्ये, एसी लावून रखडणारी गाडी सर्वांत कमी ॲव्हरेज देते. त्यातही पुढे चार हात जागा दिसताच गाडी रेटायची आणि लगेच करकचून ब्रेक दाबायचा, ही आपली सवय खर्चात भर घालते, कारण पेट्रोल जाळून मिळवलेला वेग ब्रेकमध्ये निव्वळ उष्णता होऊन संपतो. बहुतेक कार टॉप गिअरमध्ये साधारण ५० ते ८० च्या दरम्यान, एकसारख्या वेगाने चालवल्या तर सर्वांत किफायतशीर ठरतात.

ग्राहकाला मात्र कंपनी एकच आकडा सांगते. तो प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून, ठरलेल्या चाचणीचक्रानुसार काढलेला असतो आणि आपल्याकडील प्रचलित चक्रात वेग ताशी ९० च्या वर जात नाही. साहजिकच एक्स्प्रेस वेवर ११० ने गाडी हाकणाऱ्याला तो आकडा कधीच मिळत नाही आणि बोल मेकॅनिकला लागतो. युरोपात १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत शहरातील वापराबरोबरच ९० आणि १२० या स्थिर वेगांचेही आकडे जाहीर होत असत. आता समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० ची मुभा असताना आपल्याकडे त्याची गरज अधिकच आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ८०, १०० आणि १२० या तीन वेगांना लिटरमागे किती किलोमीटर मिळतात, हे माहितीपत्रकात ठळकपणे छापणे कंपन्यांना सक्तीचे करावे.

– एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई