झोप लागते का, एवढंच कळव

गडहिंग्लज

चि. सुहास यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी स्टँडवर तू खिडकीतून हात केलास आणि माझा हात काही वर गेला नाही. आदल्या रात्री तुझ्यावर ओरडलो, ते अजून घशात अडकलंय. "चार दिवस जास्त राहतो, युनिटला नंतर सांगू," असं तू म्हणालास. मी तुझ्या मनाच्या दुखण्यावर नाही रे चिडलो, त्या 'नंतर सांगू'वर चिडलो. एम्बॉडिमेंटवर, म्हणजे युनिट ड्युटीवर बोलावलेलं असताना, टीएच्या, म्हणजे टेरिटोरियल आर्मीच्या जवानालाही आर्मी ॲक्ट लागू असतो. सुट्टी संपून हजर झाला नाहीस की कलम ३९, आणि तीस दिवस उलटले की कलम १०६ खाली कोर्ट ऑफ इन्क्वायरी. मग खरा आजारही बहाणा वाटतो, कारण कागदावर आधी 'गैरहजर' पडलेलं असतं.

रात्री झोप लागते का?

एमएचच्या, लष्करी हॉस्पिटलच्या वॉर्डात बावीस वर्षं काढली म्हणून सांगतो. मनाच्या आजारावर नुसता सुट्टीचा अर्ज घेऊन साहेबांपुढं जाऊ नकोस, ही सुट्टी डॉक्टरच्या शिफारशीनं मिळते. सकाळी सिक रिपोर्टला, आजाऱ्यांच्या यादीत, नाव दे. एमआय रूममध्ये, युनिटच्या दवाखान्यात, आरएमओपुढं, म्हणजे युनिटच्या डॉक्टरपुढं बसलास की "डोकं दुखतंय" म्हणून सुटू नकोस. पोरं तिथंच चुकतात. डोकं दुखतंय म्हटलं की गोळी मिळते आणि दुपारी परत ड्युटी. किती दिवस झोप नाही, कितीला जाग येते, जेवण किती तुटलं, छाती कधी धडधडते, हे तारीख-वेळ धरून सांग. आधी चिठ्ठीवर लिहून ने, समोर बसल्यावर आठवत नाही. आणि जिवाचं काही बरंवाईट करावं असं एकदाही मनात आलं असेल, तर ते सगळ्यात आधी सांग.

आरएमओ पुढं मानसोपचार डॉक्टरांकडे पाठवतील. त्यासाठी सीओंकडून, युनिटच्या मुख्य साहेबांकडून, एएफएमएसएफ-१० हा फॉर्म जातो. तुझं काम, वागणं, दारू, घरची अडचण, सगळं त्यात येतं. ती माहिती शेवटी कंपनीतूनच वर जाते, म्हणून सुभेदार साहेबांना आधी विश्वासात घे. त्यांना काहीच ठाऊक नसेल तर 'कामात लक्ष नाही' एवढंच लिहून जाईल, आणि झोपेचा विषय राहूनच जाईल.

वॉर्डात ठेवून घेतील. घाबरू नकोस. बरं वाटायला लागलं की सिक लीव्हची शिफारस तेच करतात. सुट्टी संपल्यावर कुठं हजर व्हायचं ते डिस्चार्जच्या कागदावर नीट वाच. मग मेडिकल कॅटेगरी. शेप या तब्येतीच्या दर्जातला 'एस', म्हणजे मनाचा भाग, एकवरून दोन किंवा तीन होईल. तात्पुरती कॅटेगरी साधारण चोवीस आठवड्यांची, मग परत तपासणी. तोवर हत्यार आणि रात्रीची संत्री ड्युटी बंद होऊ शकते. तुला तेच झोंबतंय, मला कळतं. भरतीला टेंबलाईवर तू पळून आलास तेव्हा बूट हातात होते, दोन्ही टाचा सोललेल्या, आणि आईला पहिलं काय विचारलंस तर, "डब्यात काय आहे?" तुझ्या मागं पळणारी किती पोरं वाटेतच बसली होती. मी कुणाला बोललो नाही, पण त्या दिवशी घरी येईपर्यंत माझी मान ताठ होती. ती आजही ताठच आहे. रायफल काही महिने कोतमध्ये, शस्त्रं ठेवायच्या खोलीत, पडून राहिली म्हणून ती खाली जायची नाही.

पुन्हा भाषण झालं. राग मानू नकोस. पण एवढं ऐकच: युनिट डिसएम्बॉडी व्हायच्या, म्हणजे तुम्हाला घरी सोडायच्या आत फौजी डॉक्टरची नोंद झाली पाहिजे. आजार एम्बॉडिमेंटच्या काळात सुरू झाला हे त्यात दिसलं नाही, तर पुढं पेन्शनच्या बाबतीत तेच सिद्ध करता करता जन्म जातो. रेफरल, डिस्चार्ज, मेडिकल बोर्ड, प्रत्येक कागदाची एक झेरॉक्स ताईकडे पाठव. बँकेतल्या तुझ्या नोकरीचा घोर लावून घेऊ नकोस. टीएच्या १९४८ च्या कायद्यातच परत रुजू करून घ्यायची तरतूद आहे.

इथल्या डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या लपवून खाऊ नकोस, ती चिठ्ठी आरएमओला दाखव. उदासीच्या या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. मध्येच एकदम सोडल्यास तर चक्कर, घबराट, आणि आहे तेवढी झोपही जाईल. त्यावर दारू तर नकोच. रात्री अगदीच सहन झालं नाही तर १४४१६ लाव, टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, मराठीत बोलतात, चोवीस तास. फौजेसाठी त्यांचा वेगळा कक्षही २०२३ मध्ये पुण्यात एएफएमसीत, फौजेच्या मेडिकल कॉलेजात, सुरू झाला. पण त्या आधी शेजारच्या खाटेवरच्या पोराला उठव. एकटा बसू नकोस.

पडवीतली तुझी खाट आईनं अजून उचललेली नाही. पहाटे तीनला उठते आणि तिकडं बघते, तू बॅटरी लावून बसायचास तिथं. मला वाटतं, मी झोपलोय असं तिला वाटतं.

सिक रिपोर्टला नाव दिलंस की एक मिस कॉल दे. बोलायचं नसेल तर नको बोलूस, मी समजेन.

तुझा,
बाबा