घंटा थोडी उशिरा वाजू द्या: ब्रिटिश कोलंबियाच्या शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय शिक्षणमंत्री,
ब्रिटिश कोलंबिया सरकार, व्हिक्टोरिया

स. न. वि. वि.

गेल्या वर्षी माझ्या मुलीच्या शाळेत सीडरच्या सालीचं विणकाम शिकवायला एक आजी आल्या होत्या. मदतीला पालक हवे होते, म्हणून मीही गेले. सालीच्या पट्ट्या पाण्याच्या टबात भिजत घातलेल्या होत्या. ओल्या लाकडाचा वास वर्गभर पसरला होता. आजींनी आधी झाडाबद्दल सांगितलं. साल कधी काढायची, किती काढायची, झाडाला इजा होऊ नये म्हणून कुठे थांबायचं, काढण्याआधी झाडाला काय म्हणायचं, सगळं. मग एकेका मुलाजवळ जाऊन त्या त्याची बोटं धरून पट्टी कशी वळवायची ते दाखवू लागल्या. नेहमी मागच्या बाकावर झोपा काढणारा एक मुलगा पुढे सरकून बसला होता. कडं जेमतेम अर्धं विणून झालं आणि घंटा वाजली. पुढचा तास गणिताचा होता. मुलं पटापट उठली, पट्ट्या टेबलावर तशाच राहिल्या. आजींनी त्या एकेक करून गोळा केल्या आणि परत टबात ठेवल्या.

त्याच वर्गाच्या भिंतीवर ‘फर्स्ट पीपल्स’च्या, म्हणजे कॅनडातल्या मूळनिवासी लोकांच्या, शिकण्याच्या तत्त्वांचा तक्ता होता. आपल्या प्रांतातल्या अनेक शाळांत तो असतो. इंग्लिश फर्स्ट पीपल्स हा मूळनिवासींच्या साहित्यातून इंग्रजी शिकवणारा विषय तयार होताना इथल्या जाणत्या लोकांनी ती तत्त्वं मांडली. त्यातलं एक असं आहे की शिकायला धीर लागतो आणि वेळ लागतो. तक्ता भिंतीवर होता आणि वेळ मात्र चाळीस मिनिटांचा. यात शिक्षिकेचा काही दोष नव्हता. आजींना बोलवायला तिनेच धडपड केली होती आणि घंटेपुढे तिचंही काही चाललं नाही.

माननीय मंत्री, मला आपल्याशी बोलायचंय ते याच वेळेबद्दल. वेळ म्हणजे पैसा, माणसं आणि हिशोब.

आपल्या प्रांतानं जे केलं ते लहानसहान नाही. २०१५ मध्ये सत्य आणि सलोखा आयोगानं, म्हणजे मूळनिवासी मुलांच्या निवासी शाळांत काय घडलं ते तपासणाऱ्या आयोगानं, ९४ शिफारशी मांडल्या. त्यातल्या ६२व्या शिफारशीत म्हटलं होतं की निवासी शाळा, करार आणि मूळनिवासींचं योगदान हे बालवाडीपासून बारावीपर्यंत सक्तीनं शिकवा. ब्रिटिश कोलंबियानं २०२३-२४ पासून बारावीअखेर शाळेतून मिळणाऱ्या पदवीदाखल्यासाठी मूळनिवासी विषयाचे चार क्रेडिट बंधनकारक केले. असं करणारा हा देशातला पहिला प्रांत. त्याच वर्षी शाळा कायदा बदलला आणि प्रत्येक बोर्डात, म्हणजे आपापल्या भागातल्या शाळा चालवणाऱ्या मंडळात, मूळनिवासी शिक्षण परिषद आली. मूळनिवासी मुलांसाठी राखून दिलेला निधी बोर्ड कसा खर्च करणार, यावर त्या परिषदेची मान्यता लागते. हे वाचून मला मनापासून आनंद झाला होता. ज्यांच्या मुलांसाठी पैसा आहे, त्यांनाच त्याबद्दल विचारलं जावं, इतकी ही साधी गोष्ट.

आम्हा स्थलांतरित पालकांच्या घरात मात्र या चार क्रेडिटचं काय होतं, ते आपल्याला कुणी सांगितलं नसेल. आमच्या ग्रुपवर दर वर्षी एकच प्रश्न येतो: ‘यातला सोपा विषय कोणता?’ उत्तरही ठरलेलं: इंग्लिश फर्स्ट पीपल्स बारावी घ्या, इंग्रजीही सुटतं आणि हेही सुटतं. बारावीचं वर्ष, युनिव्हर्सिटीचे अर्ज, फिजिक्सचे मार्क, यात पालकांना दुसरं सुचत नाही. त्यांना मी नावं ठेवणार नाही, कारण मीही मुलीला हेच सांगितलं होतं. तिनं तो विषय घेतला आणि घरी येऊन जे प्रश्न विचारू लागली, त्यांची उत्तरं माझ्याकडे नव्हती.

मुळात ‘निवासी शाळा’ हा शब्दच आमच्या कानांना फसवतो. महाराष्ट्रात निवासी शाळा म्हटलं की नवोदय आठवतं, सैनिकी शाळा आठवते. मुलाचा नंबर लागला म्हणून पेढे वाटतात. आईला फोनवर सांगायला गेले तर ती म्हणाली, ‘मग बरंच की, सरकारनं राहायचं-खायचं बघितलं.’ तेव्हा तिला सगळं नीट सांगावं लागलं. दीड लाखाहून अधिक मूळनिवासी मुलं आईबापांपासून तोडून या शाळांत नेली. मूळनिवासींना लागू असलेल्या ‘इंडियन ॲक्ट’च्या १९२०च्या दुरुस्तीनं ही सक्ती कायद्यात पक्की झाली. आपली भाषा बोलली म्हणून मुलांना मार बसायचा. किमान ३,२०० मुलं दगावल्याची नोंद आयोगाला सापडली आणि खरा आकडा याहून मोठा आहे असं आयोगानंच बजावलं. आई बराच वेळ गप्प होती. मग तिनं विचारलं, ‘त्या पोरांना घरी कळवत तरी होते का गं?’ बऱ्याच वेळा कळवत नव्हते.

आम्ही राहतो त्या सरे शहराहून तासाभराच्या अंतरावर मिशन नावाचं गाव आहे. तिथली सेंट मेरीज ही निवासी शाळा १९८४ साली बंद झाली. मी तेव्हा तिसरीत होते. ‘जुना इतिहास’ म्हणून हे बाजूला सारता येत नाही. तिथे शिकलेली माणसं आज आजी-आजोबा आहेत आणि त्यांची नातवंडं माझ्या मुलीबरोबर बसतात. फिलिस वेबस्टॅड ही मूळनिवासी मुलगी १९७३ मध्ये, सहा वर्षांची असताना, विल्यम्स लेकजवळच्या निवासी शाळेत गेली. आजीनं घेतलेला नवा केशरी शर्ट पहिल्याच दिवशी तिच्या अंगावरून काढून घेतला गेला. ३० सप्टेंबरला, निवासी शाळांतल्या मुलांच्या आठवणीसाठी, आमची मुलं जो केशरी शर्ट घालतात, तो तिचा. २०२१ मध्ये कॅमलूप्सच्या जुन्या निवासी शाळेच्या आवारात रडारला सुमारे २०० संभाव्य कबरींच्या खुणा दिसल्या. त्यानंतर हा शर्ट घराघरात पोचला. शर्ट घालावा, जरूर घालावा. आपल्या कामाचं मोजमाप मात्र ३० सप्टेंबरच्या फोटोंवरून होऊ नये, एवढंच मागणं आहे.

मोजमाप कशावरून करावं? माझं मत स्पष्ट आहे. मूळनिवासी मुलाच्या हातात शेवटी कोणता कागद पडतो, ते पाहावं. आपल्याकडे दोन कागद आहेत. एक डॉगवुड, म्हणजे पूर्ण पदवीदाखला, ज्यावर कॉलेजचं दार उघडतं. दुसरा एव्हरग्रीन, म्हणजे शाळा संपवल्याचा दाखला, ज्यावर ते उघडत नाही. अनेक वर्षं मूळनिवासी मुलांच्या वाट्याला हा दुसरा कागद प्रमाणाबाहेर येत राहिला. २०१५ मध्ये प्रांताच्या महालेखापरीक्षकांनी या मुलांच्या शिक्षणाचा लेखाजोखा मांडला. त्यात त्यांनी कमी अपेक्षा ठेवण्यातून होणाऱ्या वंशभेदावर बोट ठेवलं. या मुलाला हे जमणार नाही असं आधीच ठरवायचं आणि मग त्याला सोप्या वाटेला लावायचं. वरवर ही माया वाटते, पण त्या मुलाची पुढची वाट तिथेच बंद होते.

तेव्हापासून परिस्थिती सुधारली आहे. पदवीदाखला मिळवणाऱ्या मूळनिवासी मुलांचं प्रमाण वाढलं आहे, इतर मुलांशी असलेलं अंतर मात्र अजून बुजलेलं नाही. आपलं खातं दर वर्षी हे आकडे छापतं आणि प्रत्येक बोर्डही शिकण्याच्या प्रगतीचा अहवाल काढतं. मी ते अहवाल उघडून वाचते. सुरुवातीला मूल्यं, दृष्टी, आनंदी मुलांचे फोटो. डॉगवुड किती आणि एव्हरग्रीन किती हे शोधायला बरंच खाली जावं लागतं. माननीय मंत्री, ते पहिल्या पानावर घ्या. शेजारी गेल्या वर्षीचा आकडा द्या आणि तो का बदलला हे मूळनिवासी शिक्षण परिषदेच्या शब्दांत येऊ द्या. आकडा वाईट असेल तर वाईट म्हणून छापा, आम्ही पालक समजून घेऊ.

आता भाषेबद्दल.

मी धुळे जिल्ह्यातली. घरी अहिराणी, शाळेत मराठी. वर्गात ‘इथे’ऐवजी ‘आठे’ म्हटलं की हशा पिकायचा. माझ्यावर हसण्यापलीकडे काही झालं नाही. माझ्या बाकामागे सातपुड्यातल्या पाड्यावरून आलेला पावरा मुलगा बसायचा. एकदा त्यानं पाण्याला घरचा शब्द वापरला आणि गुरुजींनी पट्टी उचलली. रोज सकाळी आम्ही एकाच रांगेत उभं राहून प्रतिज्ञा म्हणायचो. दिवाळीनंतर तो परत आला नाही. तो का आला नाही हे तेव्हा आम्ही कुणीच विचारलं नाही. इथल्या निवासी शाळांत जे घडलं आणि आमच्या वर्गात जे घडलं ते सारखं आहे असं मी म्हणत नाही. तेवढी तुलना करण्याचा मला हक्क नाही. पण मुलाची भाषा त्याच्या तोंडातच कशी आखडते, ते मी जवळून पाहिलंय. माझ्या मुलीला अहिराणी येत नाही. तो दोष माझा आहे. माझ्यावर कुणी सक्ती केली नव्हती.

त्या विणकामाच्या तासाला आजी म्हणाल्या होत्या की त्यांना त्यांच्या भाषेतले थोडेच शब्द येतात. त्यांच्या आजीला भाषा पूर्ण येत होती, पण घरात ती बोलायची नाही, पोरांना मार बसेल या भीतीनं. कॅनडातल्या मूळनिवासी भाषांपैकी निम्म्याहून अधिक भाषा एकट्या ब्रिटिश कोलंबियात आहेत. आमच्या भागातल्या केट्झी आणि क्वांटलिन या मूळनिवासी लोकांची हंकमिनम त्यातलीच एक. ती अस्खलित बोलणारे आज अगदी मोजके आहेत. सरेतल्या काही शाळांत पंजाबी शिकायची सोय आहे, आणि ती आहे याचा मला आनंद आहे. पाचवी ते आठवी दुसरी भाषा सक्तीची असल्यामुळे फ्रेंच तर सगळीकडेच आहे. ज्या जमिनीवर या शाळा उभ्या आहेत, तिथली भाषा मात्र बहुतेक मुलांच्या कानावर फक्त कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या दोन वाक्यांत पडते.

ही भाषा कुणाला शिकवायची, कशी शिकवायची, बाहेरच्यांना शिकवायची की नाही, हे ठरवायचं त्या लोकांनीच. आपण त्यांना एवढंच विचारा: तुमच्या मुलांना शाळेत तुमची भाषा मिळावी म्हणून काय लागेल? आणि ते सांगतील तेवढं द्या. भाषा जाणणाऱ्या वडीलधाऱ्यांना शिक्षकाइतका पगार द्या, पाहुण्यांना देतात तसं मानधन देऊन भागवू नका. वर्षभराचा तास द्या. एका वर्षाच्या प्रकल्पावर कुणी भाषा शिकत नाही.

आणखी एक गोष्ट, जी आम्हा नव्या नागरिकांची आहे. मी २०२२ मध्ये नागरिकत्वाची शपथ घेतली, घरी, लॅपटॉपसमोर, साडी नेसून. २०२१ मध्ये शपथेचे शब्द बदलले होते. त्यामुळे फर्स्ट नेशन्स, इनुइट आणि मेटी या मूळनिवासी लोकांचे मूळ हक्क आणि करारांनी मिळालेले हक्क संविधान मान्य करतं, हे मीही उच्चारलं. त्यानंतर मुलीनं विचारलं, ‘आई, मग आपलं घर कोणत्या कराराच्या जमिनीवर आहे?’ शोधल्यावर कळलं की कोणत्याच नाही. व्हँकुव्हर बेटावरचे काही जुने करार, ईशान्येकडचा करार क्रमांक आठ आणि अलीकडचे मोजके करार सोडले, तर या प्रांताची बहुतेक जमीन कुणी कुणाला लिहून दिलेलीच नाही. आमच्याकडे गुंठाभर जमिनीसाठी भाऊ भावाशी तलाठ्याच्या कचेरीत भांडतो, सातबाऱ्यावरचं नाव जिवापाड जपतो. केट्झी, क्वांटलिन आणि सेमियाहमू यांची जमीन विनाखरेदीखत गेली, हे मराठी माणसाला समजावायला दोन मिनिटंही लागत नाहीत. पण कुणी समजावलं पाहिजे ना. मुलं शाळेत शिकतात, आणि घरी आम्ही ‘तू तुझं फिजिक्स बघ’ म्हणून विषय बंद करतो. मुलाला शाळेत शिकवलेलं टिकायचं असेल, तर पालकालाही ते कळलं पाहिजे.

म्हणून माझी विनंती आहे की प्रत्येक बोर्डानं दहावीच्या विषयनिवडीआधी स्थलांतरित पालकांसाठी निदान एक संध्याकाळ ठेवावी. पंजाबी, मँडरिन, टॅगालॉग, अरबी, जमेल त्या भाषेत दुभाषा असावा. बोलायला स्थानिक फर्स्ट नेशनची माणसं असावीत, त्यांच्या मर्जीनं, त्यांना योग्य मोबदला देऊन. आमच्या भागातल्या मराठी पालकांना जमवायचं काम माझ्याकडे. हॉल पाहून ठेवलाय. खुर्च्या, चहा आणि लहान मुलांना सांभाळायला दोन जणी, सगळी व्यवस्था होईल. मराठीत दुभाषा म्हणून मी स्वतः उभी राहीन.

त्या विणकामाच्या आजींनाही बोलवायचं मनात आहे. फक्त त्या दिवशी घंटा नसेल. कडं पूर्ण विणून होईपर्यंत हॉल आमच्याकडे राहील.

तारीख आपल्या कार्यालयानं कळवावी.

आपली,
सरे शहरातली एक मराठी पालक