दानत्सोंग चहा शिकवणाऱ्या लाओशींना (चिनीत ‘लाओशी’ म्हणजे शिक्षक)

आदरणीय लाओशी,
सप्रेम नमस्कार.

दक्षिण चीनमधल्या चाओझोउ शहराचा गोंगफू चहा, म्हणजे छोट्या भांड्यात त्याच पानांवर पुन्हा पुन्हा उतरवायचा चहा, शिकवताना तुम्ही हाताच्या प्रत्येक हालचालीमागचं कारण सांगितलंत, त्याबद्दल मनापासून आभार. पत्र उघडच लिहितो आहोत, म्हणजे घरी गाइवान आणून ठेवलेल्या मराठी वाचकांनाही तुमची शिकवण उपयोगी पडेल.

गाइवान म्हणजे बशी, वाटी आणि झाकण. १०० मिलीच्या गाइवानात ७ ते ८ ग्रॅम फेंगहुआंग दानत्सोंग (फेंगहुआंग डोंगरावरचा ऊलोंग चहा) हे माप आपल्याकडच्या हाताला अति वाटतं. पण पानं भरपूर आणि वेळ मोजक्या सेकंदांचा, असं हे गणित आहे. वेळ लांबला की दानत्सोंग कडू होतोच.

सगळ्यात मोलाचं म्हणजे चुऱ्याची जागा. तळाशी अख्खी पानं, मधोमध चुरा, वर पुन्हा अख्खी पानं. चुऱ्याचा अर्क झपाट्याने उतरतो. तो ओतायच्या बाजूला आला तर धार तुंबते, पाणी आत अडकतं आणि पुढची खेपही बिघडते. इतकी साधी गोष्ट, पण ती कळेपर्यंत दोष पानांनाच दिला जातो!

पाणी खळखळ उकळलेलं हवं. धार उंचावरून, कडेकडेने फिरवायची; थेट मध्यावर सोडली तर चुरा ढवळून निघतो. वर आलेला फेस झाकणाने सारायचा. पहिलं पाणी प्यायचं नाही, त्याने पेले गरम करायचे. बोटं भाजतात ती बहुधा काठोकाठ भरल्यामुळे. पाणी बाहेर वळलेल्या काठाच्या खालीच थांबवायचं, अंगठा आणि मधलं बोट काठावर, तर्जनी झाकणाच्या गुंडीवर. झाकण जरासंच तिरकं. फट मोठी झाली तर पानं निसटतात, फारच बारीक राहिली तर चहा वेळेत बाहेर पडत नाही.

पेल्यांत ओतताना मात्र धार खालून. उंचावरून ओतलं तर फेस येतो आणि सुगंध उडतो. तीन पेले एकमेकांना चिकटवून त्यांवरून गोल गोल फिरायचं. याला तिथे ‘गुआन यू नगराची गस्त घालतो’ म्हणतात. शेवटचे थेंब एकेका पेल्यात वाटायचे, तो ‘हान शिन शिपाई मोजतो’ (दोघेही जुने चिनी सेनापती). नावं गमतीची, काम नेमकं: शेवटचा चहा जास्त दाट असतो, म्हणून तो तिघांना सारखा मिळायला हवा. शिवाय गाइवानात काही उरलं नाही तर पुढची खेप कडवट होत नाही. सुरुवातीच्या खेपा ५ ते १० सेकंदांच्या, मग चव उतरेल तसा वेळ वाढवायचा.

माणसं पाच असली तरी पेले तीनच. आधी पाहुणे आणि वडीलधारे, मग पेले गरम पाण्याने धुऊन बाकीचे. मध्येच नवा पाहुणा आला तर जुनी पानं काढून नवी टाकायची. २०२२ साली युनेस्कोने चीनच्या पारंपरिक चहानिर्मितीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा त्याभोवतीच्या सामाजिक प्रथांचाही त्यात समावेश केला. तुमच्या टेबलावर तो सामाजिक भाग या तीन पेल्यांतूनच समजतो.

आणि हो, आपला ‘चहा’ चिनी ‘छा’च्या घराण्यातला, पण चाओझोउच्या बोलीत चहाला ‘ते’ म्हणतात, हेही तुमच्यामुळेच लक्षात राहिलं.

पुढच्या वर्गात कोळशावर पानं भाजताना आच किती ठेवायची, ते शिकवाल ना?

आपले,
चहाच्या वर्गातले मराठी विद्यार्थी