आईचा हाली रुपया आणि निजामाची हवेली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापूरची माणसे हैदराबादला गेली की चारमिनार, सालारजंग, फिल्म सिटी आणि बिर्याणी एवढे उरकून परततात. आम्हीही आजवर तेच केले. आमच्या शेजारच्या अक्कांचे निम्मे गणगोत तिकडे, वर्षातून दोनदा तरी त्या जातात. पण चौमहल्ला राजवाडा आणि पुरानी हवेली त्यांनीही आतून कधी पाहिली नव्हती. यंदा दिवाळी झाल्यावर आम्ही दोघी, माझा भाचा आणि त्याची बायको असे चौघे मुद्दाम तेवढ्यासाठीच गेलो. परत आल्यापासून एक गोष्ट मनातून जात नाही, म्हणून हे पत्र. थोडे लांबले आहे, तरी कापू नये ही विनंती.

आधी माझा या जागेशी काय संबंध ते सांगते. माझे माहेर नळदुर्गच्या पुढे, जळकोटच्या बाजूचे. आज सोलापूरहून गाडीने तासाभरात पोचतो. पण १९४८ पर्यंत ते दुसरे राज्य होते, निजामाचे. आई शेवटपर्यंत त्याला 'मोगलाई'च म्हणायची. ती बारा वर्षांची असताना श्रावणातल्या एका रात्री आजोबांनी गाडी जुंपली. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून ठेवल्या. आजीने आईच्या परकराच्या नेफ्यात हाली रुपये, म्हणजे निजामाच्या राज्याची नाणी, शिवले, कारण वाटेत निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांनी अडवले तर लहान मुलीची झडती घेणार नाहीत असे तिला वाटले. पहाट व्हायच्या आत ते सरहद्द ओलांडून सोलापूरकडे आले. त्या रुपयांपैकी एक आईने कधीच मोडला नाही. 'मोगलाईतला हाली इथे कोण घेणार, इथे कलदार (इंग्रजांचा रुपया) चालतो,' असे म्हणत ती तो कुंकवाच्या जुन्या डबीत ठेवायची. त्या रुपयावर चारमिनार आहे आणि मधल्या कमानीत एक उर्दू अक्षर. मला चारमिनार प्रथम दिसला तो असा, आईच्या तळहातावर.

यावेळी जातानाही तोच रस्ता. १३ सप्टेंबर १९४८ ला भल्या पहाटे भारतीय फौज सोलापूरकडून याच वाटेने निघाली, नळदुर्ग घेतला, बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला आणि मग जळकोट, उमरगा करत पुढे सरकली. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी त्या फौजेचे प्रमुख होते. पाचव्या दिवशी, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. भाच्याला हे शाळेत चार ओळींत शिकवले होते. बोरीच्या पुलावर गाडी बाजूला घेऊन मी त्याला हे सांगितले, तेव्हा तो खाली उतरून बराच वेळ नुसता बघत राहिला. जळकोटच्या पुढे झाडाखाली बसून आम्ही कडक भाकरी, शेंगाची चटणी खाल्ली.

शुक्रवारी दोन्ही ठिकाणी सुट्टी असते, जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. आम्ही शनिवारी सकाळी आधी पुरानी हवेलीत गेलो. दुसरे निजाम अली खान यांनी १७७७ मध्ये ही जागा घेतली आणि मुलाला, सिकंदर जाह यांना दिली. ते पुढे खिलवतला, म्हणजे चौमहल्ल्याकडे राहायला गेले आणि ही मागे राहिलेली हवेली 'पुरानी' झाली. मुख्य इमारत युरोपीय घाटाची आणि तिच्यापुढे दोन लांबच लांब बाजू, समोरासमोर. त्यातल्या एका बाजूची अख्खी लांबी व्यापून सहाव्या निजामांचे, मीर महबूब अली खान यांचे, कपड्यांचे दुमजली लाकडी कपाट आहे. वरच्या मजल्यावर जायला हाताने फिरवायची लाकडी लिफ्ट. एकदा घातलेला कपडा ते पुन्हा अंगाला लावत नसत असे सांगतात.

मी मागावरच्या घरातली सून आहे. आमच्याकडे जेकार्डचे, म्हणजे नक्षी विणायचे, चार माग होते, सासूबाईंनी आयुष्यभर कांड्या भरल्या. त्या कपाटापुढे इतर लोक फोटो काढत होते आणि मी मनात हिशेब करत होते की एवढे कपाट भरायला किती माग, किती धोटे, किती माणसे बसली असतील. माझ्या आजीकडे सणासुदीचे एकच इरकली लुगडे होते. ते नेसून झाले की उन्हात धरून, घडी मोडून, दुसरी घडी घालून ठेवायची, म्हणजे एकाच घडीवर विरत नाही. अक्कांनी कपाटाच्या लाकडावरून डोळे फिरवले आणि तेलुगूत हळूच म्हणाल्या, आमच्या आजोबांचे गाव याच राज्यातले, विणून पोट भरेना म्हणून सोलापूरला आले. आमच्या पूर्व भागातली किती तरी पद्मशाली घरे अशीच तेलंगणातून आलेली. आई रात्री गाडीतून आली, अक्कांचे आजोबा त्याच्याही कितीतरी आधी पोटासाठी आले. दोघेही त्याच राज्यातून निघालेले, हे पंचवीस वर्षे भिंतीला भिंत असूनही मला त्या दिवशी उमगले.

हवेलीतले संग्रहालय २००० साली सुरू झाले. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीला पंचवीस वर्षे झाली म्हणून १९३७ मध्ये रौप्यमहोत्सव झाला. त्यावेळी आलेले नजराणे तिथे मांडलेत. हैदराबादच्या मोठ्या इमारतींच्या चांदीच्या प्रतिकृती, मानपत्रे, हिरे जडवलेला सोन्याचा जेवणाचा डबा. हा डबा, कप, बशी आणि चमचा २०१८ च्या सप्टेंबरमध्ये चोरीला गेला होता. हैदराबादच्या पोलिसांनी काही दिवसांतच तो परत मिळवला. मला जास्त वेळ धरून ठेवले ते उर्दू मजकुराने. माझे आजोबा निजामाच्या शाळेत शिकले, त्यामुळे उर्दू लिहीत, हिशेब मोडीत ठेवत आणि ज्ञानेश्वरी वाचत. ते असते तर त्यांनी मला तो मजकूर बोट फिरवत वाचून दाखवला असता.

तिथून चौमहल्ला दीड-दोन किलोमीटर असेल. १७५० च्या सुमारास सलाबत जंग यांनी सुरू केलेले बांधकाम पाचवे निजाम अफजल-उद-दौला यांच्या काळात पुरे झाले. नावाप्रमाणे चार महाल : अफजल, महताब, तहनियत, आफताब. खिलवत मुबारक हा दरबार, त्यात संगमरवरी तख्त आणि वर एकोणीस झुंबरे. पायाखालची फरशी गार, डोक्यावर काच लखलखती. माणूस आपोआप हळू बोलायला लागतो. बाहेर वाहनांच्या दालनात १९१२ ची पिवळी रोल्स-रॉइस आहे. भाचा तिथून हलेना.

मला मात्र भिंती बघायच्या होत्या. अनेक वर्षे हा राजवाडा पडका होत चालला होता. २००० नंतर निजामांच्या घराण्यातल्या राजकन्या एस्रा यांनी पुढाकार घेतला, वास्तुरचनाकार राहुल मेहरोत्रा यांच्याबरोबर पाच वर्षे काम चालले आणि २००५ मध्ये तो लोकांसाठी उघडला. २०१० मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा वारसा जतन पुरस्कार मिळाला. काम पाहिल्यावर त्याचे मोल कळते. चुन्याच्या गिलाव्यावरची नक्षी इतक्या निगुतीने पुन्हा उभी केली आहे की जुने कुठे संपते ते शोधावे लागते. सिमेंट थापून, वर ऑइल पेंट मारून मोकळे होणे किती सोपे होते! ते त्यांनी केले नाही. ज्या राज्यातून माझी आई रात्री जीव मुठीत घेऊन निघाली, त्याच राज्याच्या राजवाड्यात उभी राहून मी त्या कारागिरांना मनापासून हात जोडले. हे लिहिताना मला जराही अवघडल्यासारखे वाटत नाही.

महबूब अलींबद्दल तिथली जुनी माणसे आजही मायेने बोलतात. १९०८ मध्ये मुसी नदीला महापूर आला तेव्हा त्यांनी राजवाड्यांचे दरवाजे लोकांना उघडले होते. उस्मानिया विद्यापीठ, मोठे रुग्णालय ही उस्मान अलींच्या काळातली कामे. ती मान्यच आहेत. पण आमच्याकडे त्याच काळाची आठवण म्हणजे लेव्ही, सरकारची सक्तीची धान्यवसुली. शिपाई धान्य न्यायला येणार म्हटले की आजी पेवाच्या, म्हणजे जमिनीत खणलेल्या धान्याच्या कोठाराच्या, तोंडावर शेणाने सारवून त्यावर चूल मांडायची. राजघराण्याचे संग्रहालय राजघराण्याची गोष्ट सांगणार, ते तसेच असायला हवे. आजीच्या पेवाची गोष्ट त्यांनी का सांगावी? ती आपण सांगायची आहे, आणि इथे, सोलापुरात सांगायची आहे.

म्हणून हे पत्र, संपादक महाशय. सोलापुरात या सरहद्दीचे एक दालन हवे. इंद्रभुवन आहे, भुईकोट किल्ला आहे, बंद गिरण्यांच्या दगडी इमारती आहेत. आम्हाला झुंबरे नकोत, चार खोल्या पुरतील. मोगलाईतून आलेल्या घरांच्या वस्तू, हाली आणि कलदार नाणी, सरहद्दीवरच्या कॅम्पमधले फोटो, हैदराबाद मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या कार्यकर्त्यांनी लिहिलेली पत्रे, मागावरचे धोटे, जेकार्डचे नक्षीसाठी भोके पाडलेले पुठ्ठ्याचे पत्ते, पहिल्या चादरींचे नमुने. शोएबुल्ला खान यांची गोष्ट तिथे हवी. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे हे तरुण संपादक भारतात विलीन व्हा असे लिहीत राहिले म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. आणि फौज पुढे गेल्यावर मागच्या गावांत निरपराध मुसलमान घरांवर जे ओढवले, ज्याची नोंद पंडित सुंदरलाल समितीने केली, तेही हवे. आमच्या गावातले तांबोळ्यांचे घर त्या दिवसांत ओस पडले ते पुन्हा भरले नाही, आणि आई ते सांगताना रझाकारांच्या आठवणीइतकीच रडायची. एकच बाजू मांडायची असेल तर मी माझ्या घरातले काही देणार नाही.

घाई करण्याचे कारण साधे आहे. त्या रात्री सरहद्द ओलांडलेली जी मुले होती, ती आज ऐंशीच्या पुढची आहेत. आई चार वर्षांपूर्वी गेली. तिच्याकडून मी पाच-सहा गोष्टी ऐकल्या, तिने पन्नास पाहिल्या असतील. मागांचेही तसेच. आमचे जेकार्ड आम्ही भंगारात किलोवर घातले, तेव्हा मला कळले नाही. पत्त्यांच्या माळा तेवढ्या राहिल्या, कारण त्या माळ्यावर होत्या. त्यात सासऱ्यांनी स्वतः पाडलेली मोराची नक्षी आहे. ती चादर आता कुणाकडेच नाही, पण ते पत्ते चढवले तर आजही तशीच उतरेल. आपल्या वाचकांच्या माळ्यांवर असे काय काय असेल, ते एकदा विचारून तर बघा. वृत्तपत्राने आवाहन केले तर घरे उघडतील. कॉलेजातली मुलेमुली मोबाइलवर आजी-आजोबांचे बोलणे टिपून ठेवतील. त्याला खर्चही नाही.

परत येताना चारमिनारजवळ मी डबीतला रुपया काढला आणि कमानीसमोर धरला. अक्कांनी तो हातात घेतला, उलटसुलट केला, आणि म्हणाल्या की त्यांच्या आजीच्या गाठोड्यातही असाच एक आहे.

दोन्ही रुपये, पत्त्यांच्या तीन माळा, सासऱ्यांचा गिरणीत न्यायचा पितळी डबा आणि आजोबांची मोडीतली एक वही आम्ही धुऊन-पुसून एका पेटीत भरून ठेवली आहे. पेटीत डांबरगोळ्या टाकल्या आहेत. ती कुठे आणून द्यायची, एवढे आपल्या या सदरातून कुणी जबाबदार माणसाने सांगावे. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता आम्ही दोघी रिक्षाने येऊ.

आपली नम्र,
एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर