इराणी चित्रपटाविषयी आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

परक्या देशाच्या चित्रपटांवर आयुष्य का घालवतेस, असे बाबांनी विचारले होते. फोनवर नीट सांगता आले नाही, म्हणून लिहीत आहे.

मी ज्यांच्या ग्रंथांमुळे या विषयाकडे वळले, ते हमीद नफीसी १९४४ साली इस्फहानमध्ये जन्मले आणि पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाले. देश सुटलेल्या इराण्यांनी लॉस एंजेलिसमध्ये स्वतःचे टीव्ही कार्यक्रम कसे उभे केले, यावर त्यांनी १९९३ मध्ये ग्रंथ लिहिला. नंतर इराणी चित्रपटाचा सामाजिक इतिहास चार खंडांत सिद्ध केला. इतके काम एका हयातीत होते, याचे मला आजही नवल वाटते.

त्या इतिहासाची वाट मुंबईवरून जाते. आपल्या पुण्यात जन्मलेल्या अर्देशीर इराणींनी इराणी लेखक अब्दुलहुसेन सेपंता यांच्या साथीने १९३३ मध्ये ‘दुख्तर-ए-लोर’ हा पहिला फारसी बोलपट मुंबईतच तयार केला. त्यातले नायक-नायिका लुटारूंच्या तावडीतून निसटून मुंबईला येतात आणि इराणची घडी बसल्याचे कळल्यावर परत जातात. नव्या इराणचे हे बोलके चित्र इराणबाहेर रंगवले गेले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

इराणी म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न मला सर्वांत जास्त भिडला तो दिग्दर्शक बहराम बैझाई यांच्या ‘बाशू’ या चित्रपटात. इराण-इराक युद्धात घरदार गमावलेला, अरबी बोलणारा दक्षिणेकडचा सावळा मुलगा ट्रकमध्ये लपून उत्तरेला गिलानच्या भातशेतीत पोहोचतो. त्याला आसरा देणारी नायी तिकडची गिलकी भाषा बोलते. दोघांना एकमेकांचे अक्षरही कळत नाही. गावची पोरे त्याला छळतात, तेव्हा तो जमिनीवर पडलेले क्रमिक पुस्तक उचलून ‘इराण आमची भूमी आहे’ हा धडा अडखळत वाचतो. ज्या देशाने त्याला अजून आपले म्हटलेले नाही, त्या देशाची पुस्तकी फारसी त्याच्या तोंडून ऐकताना राष्ट्र आणि माणूस यांच्यातले अंतर स्पष्ट दिसते. ते अंतर कोणत्या काळात, कोणाच्या दबावाने आणि कोणाच्या धैर्याने पडद्यावर आले, हे शोधणे हेच माझे काम आहे, आणि ते मला मनापासून करायचे आहे.

सुट्टीत आले की तिघे मिळून ‘बाशू’ पाहू. आईला खालची अक्षरे वाचायला त्रास होईल, तेव्हा मी शेजारी बसून सांगत जाईन.

तुमची,
ताई