मावशी, दूध तापेपर्यंतच्या प्रार्थनेसाठी

आदरणीय मावशी,

सलाम. जय ख्रिस्त.

जालना, परतूर, मंठा या पट्ट्यात घरोघर प्रार्थनेला जाणाऱ्या आम्हा बायकांचं हे पत्र. गुडघ्यांमुळं तुमचं फिरणं थांबलं, तुमची पद्धत मात्र चालू आहे. तिचे आभार मानायचे राहूनच गेले होते. चारचौघांत मानतोय, कारण घरात आजारी माणूस किंवा खचलेलं माणूस असलेल्या कुणालाही ती कामी येईल.

आधी दुधाचे आभार. "रोज पहाटे तासभर प्रार्थना कर" असं सांगितलेली बाई चौथ्या दिवशी सोडून देते आणि पाचव्या दिवसापासून स्वतःला दोषी धरते. तुम्ही तास मागितलाच नाही. दूध तापायला ठेवलं की तिथं उभं राहावंच लागतं, नाहीतर उतू जातं. लिटरभर दुधाला मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं. तेवढ्यात बायबलातलं एक स्तोत्र आणि तीन वाक्यं. स्तोत्र १२१ आठ वचनांचं, २३ सहाच वचनांचं. सावकाश वाचलं तरी दुधाच्या आत संपतं. ११९ ला सकाळी हात लावायचा नाही, १७६ वचनं आहेत, भांडं करपेल. मग तीन वाक्यं: काल मिळालेली एक गोष्ट, आज ज्याची भीती वाटते ती एक गोष्ट, आणि घराबाहेरचं एक माणूस, नाव घेऊन. "सगळ्यांना आशीर्वाद दे" म्हटलं की तुम्ही विचारायचात, "सगळ्यांना म्हंजी कुणाला गं?"

ज्या म्हाताऱ्यांना वाचता येत नाही त्यांना तुम्ही पाठांतराला बसवलं नाही, चालीवर म्हणायला लावलं. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि अभंग, कीर्तन घेऊनच ते ख्रिस्ती झाले, त्याचं फळ आजही आपल्या भजनात आहे. चाल असली की शब्द पाठ होतात. जात्यावरच्या ओव्या माहीत असलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही.

आता भेटीचं. आमच्या चुका इथंच जास्त होत होत्या. नळाला पाणी यायच्या दिवशी जायचं नाही, आठवड्यातून एकदा पाणी येतं तिथं त्या दिवशी प्रार्थना नको, हंडे भरू लागा. आधी फोन करायचा. उभ्यानं बोलायचं नाही. रोगी बाजेवर असेल तर खाली किंवा बुटक्या स्टुलावर बसायचं, म्हणजे त्याला मान वर करावी लागत नाही. पहिला प्रश्न "कसं वाटतंय?" हा नाही, कारण त्याला "बरंय" हेच उत्तर येतं. तुमचा प्रश्न असायचा, "आज देवाकडं काय मागू?" यावर माणूस थांबतो आणि मग खरं सांगतो: रात्री झोप येऊ दे, सुनेनं फोन उचलू दे, लघवीची नळी काढू देत. जे सांगितलं तेच मागायचं, त्याच्याच शब्दांत. डोक्यावर हात ठेवायचा तर विचारून. प्रार्थना तीन-चार वाक्यांची, मग दहा श्वास गप्प, मग प्रभूची प्रार्थना. ती शेवटी का, हे लकवा झालेल्या रोग्यांपाशी कळतं: बोलणं गेलेलं असतं, पण "हे आमच्या स्वर्गातील पित्या" सुरू झालं की काहींचे ओठ हलायला लागतात. वीस मिनिटांत उठायचं. चहा नको म्हणायचा, पण दुसऱ्यांदा आग्रह झाला तर घ्यायचा. नाकारलेला चहा घरातल्या बाईला लागतो.

आणि पुन्हा जायचं. मातीनंतर तीन दिवस घर माणसांनी भरलेलं असतं, दहाव्या दिवशी कुणी नसतं. तुमच्या वहीत दहावा आणि चाळिसावा दिवस लाल शाईनं लिहिलेले असायचे.

खचलेल्या माणसाला "विश्वास ठेव" म्हणायची तुम्ही आम्हाला बंदी केली होती. सुरुवातीला ते खटकायचं. मग तुम्ही स्तोत्र ८८ वाचायला लावलं: अठरा वचनं, आणि शेवट अंधारात. उजेडाची ओळ नाहीच. हेही पवित्र शास्त्रातच आहे, तेव्हा रडून-भांडून केलेली प्रार्थनाही प्रार्थनाच धरायची. बायबलातल्या दुःखानं पिचलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्यापाशी जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांचं बरोबर चाललं होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं. एलीया संदेष्ट्याचा अध्याय (१ राजे १९) तर तुम्ही स्वयंपाकघरातून शिकवलात. जीव नको म्हणून झुडपाखाली पडलेल्या माणसाला देवदूतानं उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा तांब्या उशाशी ठेवला, खाऊन तो परत झोपला, मग दुसऱ्यांदा उठवून खाऊ घातलं. दोनदा जेवण आणि दोनदा झोप झाल्यावरच पुढचं बोलणं. पेरणी वाया गेलेल्या, कर्जाच्या घरात आम्ही आता डबा घेऊन जातो. मरणाची भाषा कानावर आली तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, फवारणीची औषधं घरातून दुसरीकडं हलवायची आणि १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आधाराच्या सरकारी सेवेच्या नंबरावर त्याच्यासमोर फोन लावायचा. हा फोन मोफत असतो.

गोळ्यांबद्दल तुम्ही जेवढ्या कडक होतात तेवढं दुसऱ्या कशाबद्दलच नाही. याकोबाच्या पाचव्या अध्यायात तेल लावून प्रार्थना करायला सांगितली आहे, औषध थांबवायला नाही; आणि पौलाचा सोबती लूक वैद्यच होता. फिटच्या गोळ्या एकाएकी बंद केल्या तर फिट उलट जोरानं येते. मनाच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात तोंड कोरडं पडतं, मळमळतं, म्हणून लोक सोडतात आणि "प्रार्थनेनंच बरं व्हायचं" असं म्हणतात. तुमचा उपाय साधा: गोळीची वेळ हीच प्रार्थनेची वेळ. एका हातात गोळी, एका हातात पाणी, दोन वाक्यं, गिळा. शुगरवाल्यांचा उपास तुम्ही सरळ मोडायला लावायचात. गोळी किंवा इन्सुलिन घेऊन न जेवणाऱ्याला घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं अडखळतं. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटं थांबून नाही उतरलं तर परत तेवढीच, आणि मग जेवण. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, दवाखाना गाठायचा. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ शुगरवाल्यांनी मोबाइलचा किंवा चुगल्यांचा पाळावा, हे तुमचंच. (दुसरा जास्त अवघड जातो.) साप चावलेल्याला प्रार्थनेसाठी घरात थांबवू पाहणाऱ्यांना तुम्ही २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा ऐकवायचात (साप चावलेल्याचा उपचार अडवणं त्यात गुन्हा आहे) आणि प्रार्थना गाडीत बसून करायचात.

राहिली वही. दोनशे पानी, चार रकाने: तारीख, नावाचं पहिलं अक्षर, काय मागितलं, काय झालं. पूर्ण नाव लिहायचं नाही, कारण "तिच्यासाठी प्रार्थना करा" म्हणता म्हणता तिच्या घरातलं भांडण गावभर होतं. चौथा रकाना पुष्कळदा रिकामा राहतो आणि तो रिकामाच ठेवायचा, ओढूनताणून भरायचा नाही, हे तुम्ही सांगितलं नसतं तर आम्ही प्रत्येक ओळीपुढं "देवानं ऐकलं" लिहून मोकळ्या झालो असतो. काही ओळींपुढं तुमच्याच अक्षरात "वारले" एवढंच आहे. एका पानावर "नळी काढली, स्वतः बसून जेवला" असं आहे, आणि त्याखाली पेन्सिलनं "मीठ कमी होतं म्हणाला".

तुमची जुनी वही भरली. नवीन घेतली आहे, रकाने आखून झालेत. बुधवारी परतूरच्या गाडीनं दोघी निघतोय; पाण्याचा दिवस कोणता ते विचारून घेतलंय. पहिल्या ओळीत "मा." लिहिलंय, पुढं गुडघे. काय मागायचं ते फोनवर सांगा.

तुमच्या,
भेटीच्या कामातल्या सगळ्याजणी