दारापासून खुर्चीपर्यंतची तपासणी

संपादक महोदय,

मनोविकाराच्या तपासणीला रुग्णाने तोंड उघडण्याआधीच सुरुवात होते. डॉक्टर संगणकात डोकावत असतील तर एवढा भाग वायाच जातो. रुग्ण दारातून खुर्चीपर्यंत येताना त्याचे हात पाहावेत. हॅलोपेरिडॉलसारख्या, भ्रम-भासांवर दिल्या जाणाऱ्या औषधाने चेहरा निर्विकार होऊ शकतो, पापण्या कमी लवतात, चालताना हात हलत नाहीत. नुसता चेहरा पाहिला तर हे नैराश्य वाटते आणि चिठ्ठीवर आणखी एक गोळी चढते.

याउलटचा घोटाळा अधिक घातक. असे औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर काही दिवसांतच रुग्ण येरझारा घालू लागतो, बसल्या जागी पाय हलवत राहतो. हा अकॅथिसिया, म्हणजे औषधाचाच दुष्परिणाम. आजार बळावला असे समजून मात्रा वाढवली की ती बेचैनी असह्य होते. आत्महत्येचे विचारही येऊ शकतात. ओपीडीत वेळ नसतो हे मान्य, पण चाल पाहायला दहा सेकंद पुरतात.

व्हिडिओ कॉलवरून तपासताना फक्त चेहरा दिसतो. मोबाइल टेकवून ठेवायला, मागे सरकून चार पावले चालायला सांगावे. नातेवाईक सोबत असतील तर उत्तर देण्याआधी रुग्ण कोणाकडे पाहतो हे टिपावे आणि थोडा वेळ त्याच्याशी एकट्याशी बोलावे. आणि मान डोलावली म्हणजे समजले, असे धरू नये. कोणती गोळी कधी घ्यायची, हे त्याच्याच तोंडून वदवून घ्यावे.

– एक मानसोपचारतज्ज्ञ, सातारा